छाती पुन्हा उघडी पडली: ग्रीन-चीक कोनूरचं पिसं उपटणं

पिसं येतात, दोन-तीन महिने छाती छान भरलेली दिसते, आणि मग एके दिवशी पिंजऱ्याच्या तळाला घातलेल्या कागदावर पुन्हा राखाडी-हिरवी पिसं पडलेली दिसतात. ग्रीन-चीक कोनूर हा छोटा पोपट पाळणाऱ्यांची नेहमी येणारी तक्रार हीच आहे. ‘मागच्या वेळी बरा झाला होता, आता परत सुरू झालं.’ या वाक्यातला ‘परत’ हा शब्दच महत्त्वाचा. पक्षी मागच्या वेळी बरा झालेला नसतो. ज्या कारणानं तो पिसं उपटत होता ते कारण ऋतू बदलल्यानं काही काळ मागे सरलेलं असतं. त्याच सुमारास एखादा स्प्रे मारलेला असतो किंवा नवं खेळणं आणलेलं असतं, म्हणून श्रेय त्या स्प्रेला मिळतं. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात तीच छाती पुन्हा उघडी पडते.

म्हणून उघड्या जागेवर काय लावायचं हा प्रश्न बाजूला ठेवा. पीस कुठलं गेलं, दिवसाच्या कोणत्या वेळी गेलं आणि कोणत्या महिन्यात गेलं, या तीन प्रश्नांची उत्तरं कारणापर्यंत नेतात.

आधी खात्री: उपटतोय, कुरतडतोय की नुसता झडतोय?

खाली पडलेली चार-पाच पिसं उचला आणि खिडकीच्या उजेडात धरून त्यांची बुडं पाहा. आपोआप झडलेल्या पिसाचं बूड कोरडं, निमुळतं आणि बंद असतं. उपटलेल्या पिसाचं बूड बहुतेकदा ओलसर किंवा मऊ असतं, कधी त्याला रक्ताचा किंवा कातडीचा कण चिकटलेला असतो. कुरतडलेल्या पिसाला बूडच नसतं. दांडी मधूनच तुटलेली, टोक झाडूसारखं विस्कटलेलं. हा फरक पुढच्या हिशेबासाठी लागतो. पीस बुडासकट उपटलेलं असलं, तरी पीस-पेशी (कातडीतली पीस उगवण्याची जागा) शाबूत असेल तर तिथं तीन-चार आठवड्यांत नवं पीस डोकं काढतं. कुरतडलेल्या पिसाचा खुंट मात्र कातडीत तसाच राहतो आणि पुढच्या पीसगळीपर्यंत तिथं नवं पीस येत नाही. असे कितीतरी पक्षी कुरतडणं थांबवूनही सहा-आठ महिने भुंडे दिसतात, आणि घरचे समजतात की उपाय लागू पडला नाही.

नेहमीच्या पीसगळीत पिसं दोन्ही बाजूंनी सारखी जातात, उघडी कातडी दिसत नाही, आणि डोक्या-मानेवर पांढऱ्या वेष्टणातले काटे दिसतात. या काट्यांना खाज सुटते. पक्षी चिडका होतो, दांड्यावर डोकं घासतो. हे सगळं ठीक आहे.

पंखातलं लांब पीस किंवा शेपटीचं गडद तांबडं पीस मिळालं तर तेही जपून ठेवा. पिसावर आडव्या, बारीक, फिकट रेघा दिसतात का ते पाहा. केसाइतक्या बारीक खाचा असतात त्या, नखानं हळूच चाचपलं तर तिथं पीस कमजोर लागतं. पीस वाढत असताना पक्षी आजारी होता, उपाशी होता किंवा घाबरलेला होता, त्याची ती खूण आहे. शेपटीच्या सगळ्या पिसांवर एकाच उंचीला रेघ असेल तर त्या काही दिवसांत घरात काय घडलं हे आठवा. घर बदललं, रंगकाम झालं, दिवाळीचे फटाके, की पेलेटवर (पक्ष्यांच्या तयार दाणेदार खाद्यावर) आणायच्या नादात त्याला उपाशी ठेवलं गेलं?

थांबू नका अशा वेळा

पुढच्या गोष्टी दिसल्या तर हा लेख बाजूला ठेवून पक्ष्यांच्या डॉक्टरकडे जा: कातडीला जखम, सतत रक्त, अंग फुगवून तळाशी बसणं, बसल्या बसल्या शेपटी वर-खाली होणं, शी करताना जोर लावणं, किंवा दोन-तीन दिवसांत वजन १० टक्क्यांनी उतरणं.

रक्ताचा हिशेब माहीत असू द्या. ग्रीन-चीकचं वजन साधारण ६० ते ८० ग्रॅम. त्यात रक्त वजनाच्या सुमारे दहाव्या भागाइतकं, म्हणजे ७० ग्रॅमच्या पक्ष्यात ७ मिलिलिटर. धडधाकट पक्षी त्यातलं दहावा हिस्सा सोसतो, म्हणजे ०.७ मिलिलिटर, जेमतेम १४ थेंब. वाढतं पीस अर्धवट तुटलं की त्याच्या दांडीतून रक्त टपकत राहतं. स्वच्छ कापडात पक्षी सैल धरा, छातीवर दाब येऊ देऊ नका, कारण पक्ष्याचा श्वास छातीच्या हालचालीवर चालतो. तुटलेल्या टोकावर कॉर्नफ्लोअर दाबून दोन मिनिटं धरा. हळद-चुना लावू नका. थांबलं नाही तर दवाखाना. मोडकं पीस घरी चिमट्यानं ओढून काढू नये. चुकीच्या दिशेला ओढलं तर पीस-पेशी फाटते.

उघडी जागा काय सांगते

डोकं भुंडं असेल तर पक्ष्यानं स्वतः उपटलेलं नाही. स्वतःची चोच स्वतःच्या डोक्याला लागत नाही. जोडीदार उपटतोय, पक्षी डोकं कशावर तरी घासतोय, किंवा आजार आहे. जोडीदार असेल तर दोघांना जाळीच्या आड वेगळं ठेवा. तीन आठवड्यांत डोक्यावर काटे दिसले तर उत्तर मिळालं.

छाती आणि पंखाखालची जागा ही सर्वसाधारण जागा. इथं कारण काहीही असू शकतं. ओटीपोट आणि शीच्या जागेभोवतालची पिसं गेली असतील तर अंडं, यकृत, आतडी यांची शंका आधी घ्यावी. एकाच पायावर, एकाच सांध्यावर किंवा छातीच्या हाडाच्या एकाच बाजूला टक्कल असेल तर तिथं आत दुखतंय असं धरून एक्स-रे काढा. आपण दुखरा गुडघा चोळतो, पक्षी तिथलं पीस काढतो.

पंखाच्या कडेची पिसं कुरतडलेली असतील तर पंख कोणी, कसे कापले ते विचारा. दुकानात सर्रास पंख आडवे, बोथट कात्रीनं कापतात. कापलेली टोकं बसल्यावर कुशीत टोचत राहतात आणि पक्षी ती टोकं चावत सुटतो. यावर घरी करण्यासारखा उपाय म्हणजे पुन्हा न कापणं आणि पीसगळीची वाट पाहणं.

डॉक्टरकडे काय मागायचं

‘पिसं उपटतोय, म्हणजे एकटेपणा आहे’ असं म्हणून तपासणी टाळणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. वागणुकीचं कारण आहे असं म्हणायचा अधिकार शरीराची कारणं वगळल्यावरच येतो. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला पक्ष्यांचा सराव असतोच असं नाही, तेव्हा आधी फोन करून विचारा.

ताज्या शीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, रक्तपेशींची गणना, यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या आणि एक्स-रे, एवढं पहिल्या फेरीत व्हावं. रक्त काढताना वजनाच्या एक टक्क्याची मर्यादा असते, म्हणजे पुन्हा तेच ०.७ मिलिलिटर. त्यामुळे कोणत्या चाचण्या आधी हे डॉक्टरांना ठरवू द्या. घरात नवा पक्षी आला असेल तर चोच-पिसांचा विषाणूजन्य आजार, बोर्नाव्हायरस (पोपटांच्या मज्जातंतूंना लागणारा विषाणू) आणि सिटॅकोसिस (पोपटांचा जिवाणूजन्य आजार) यांच्या पीसीआर चाचण्या कराव्यात. सिटॅकोसिस माणसालाही होतो. घरात कोणाला लांबलेला ताप आणि कोरडा खोकला असेल तर त्यांच्या डॉक्टरांनाही पक्षी असल्याचं सांगा.

पिसवा-माइट असतील असं समजून दुकानातला स्प्रे मारायची पद्धत फार पसरली आहे. घरात एकटा राहणाऱ्या कोनूरमध्ये माइट हे कारण क्वचितच निघतं. शंका असेल तर रात्री पिंजऱ्यावर पांढरं कापड टाका आणि पहाटे टॉर्च मारून पाहा. लाल माइट असतील तर कापडावर चालणारे ठिपके दिसतात. काही दिसलं नाही तर कीटकनाशक फवारू नका. आयव्हरमेक्टिनचे थेंब अंदाजानं मानेवर टाकणं तर त्याहून धोक्याचं. गुरांसाठीचं औषध ७० ग्रॅमच्या जिवाला किती, हा हिशेब एका थेंबानं चुकतो. माणसाच्या खाजेच्या गोळीचा तुकडा पाण्यात घालणं, पाण्यात अँटिबायोटिक पूड घालणं, हेही नको.

वर्षाचं चक्र: पुण्याचा दिवस आणि सांताक्रूझचा दिवस

तपासण्या नीट आल्या, तरी पुन्हा पुन्हा होतंय. मग कॅलेंडर उघडा.

ग्रीन-चीक मूळचा बोलिव्हिया, ब्राझीलचा मातो ग्रोसो, पॅराग्वे आणि उत्तर अर्जेंटिना इथल्या जंगलांतला. बोलिव्हियातलं सांताक्रूझ विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे १८ अंशांवर आहे, पुणे उत्तरेला साडेअठरा अंशांवर. म्हणजे आपल्या खिडकीबाहेरचा दिवस त्याच्या गावच्या दिवसासारखाच आहे, फक्त महिने उलटे. हिवाळ्यात ११ तास, उन्हाळ्यात सव्वातेरा तास. सूर्य त्याचं काही बिघडवत नाही. बिघडवते ती दिवाणखान्यातली ट्यूबलाइट. सकाळी सहाला घर उठतं, रात्री साडेअकराला टीव्ही बंद होतो. कोनूरच्या दृष्टीनं हा साडेसतरा तासांचा दिवस झाला. त्याच्या शरीरात लांब दिवस म्हणजे विणीचा काळ. खाणं भरपूर, ऊब भरपूर, उजेड भरपूर. मग घरटं शोधायची ओढ लागते, जोडीदार मिळत नाही, आणि ती तगमग छातीवर निघते. फेब्रुवारीपासून दिवस मोठा व्हायला लागला की जे पक्षी पुन्हा सुरू करतात त्यांच्यात हे कारण आधी पाहावं.

खुणा ओळखता येतात. खाल्लेलं उलटून तुमच्या बोटावर किंवा आरशासमोर काढणं. सोफ्यामागे, उशीखाली, कपाटाच्या फटीत शिरणं आणि तिथून काढायला गेल्यावर चावणं. शेपटी दांड्यावर घासणं. कागद फाडून कोपऱ्यात नेणं. मादी अंड्याच्या तयारीत असेल तर सकाळची पहिली शी नेहमीपेक्षा बरीच मोठी असते. नर-मादी रंगावरून कळत नाही, डीएनए चाचणीनंच कळतं. ती एकदा करून घ्या, कारण मादी असेल तर पुढची सगळी काळजी बदलते.

उपाय असा. रोज ठरलेल्या वेळी १२ तास पूर्ण अंधार, आणि विणीच्या खुणा जोरात असतील तर तीन आठवडे १३ ते १४ तास. संध्याकाळी सातला अंधार आणि सकाळी सात-साडेसातला उजेड, हे बहुतेक घरांना जमतं. पिंजऱ्यावर नुसती चादर टाकून शेजारी टीव्ही चालू ठेवला तर त्याला झोप लागत नाही, तो ऐकत बसतो. शक्य असेल तर झोपायचा वेगळा छोटा पिंजरा रिकाम्या खोलीत ठेवा. त्यात एक दांडा आणि पाणी, बस. एका खोलीचं घर असेल तर जाड गडद कापड, हवेला मागून फट, आणि रात्रीचा आवाज कमी. हे कुटुंबाला कठीण जातं हे खरं, पण सगळ्या उपायांत बिनखर्ची आणि सगळ्यात जास्त गुण देणारा उपाय हाच.

कुरवाळणं फक्त डोकं आणि मान. पाठीवरून, पंखाखालून, शेपटीजवळ हात फिरवणं ही त्याच्यासाठी जोडीदाराची खूण आहे. घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः मुलांना, हे सांगावं लागतं. गरम मऊ भात, ओली पोळी, खिचडी असं रोज भरवणंही बंद करा. जोडीदाराचं आणि पिल्लाचं भरवणं तसंच असतं.

आणि ते लोकरीचं झोपडं. पिंजऱ्यात टांगायचा लोंबता तंबू कोनूरला फार आवडतो, यात शंका नाही. जंगलात हे पक्षी झाडाच्या ढोलीत झोपतात, म्हणून. पण घरात, उबेत, भरल्या पोटी, ढोली म्हणजे घरटं. शिवाय त्या कापडाचे धागे तो कुरतडून गिळतो, ते पोटात गोळा होऊन अडकतात, सुटलेल्या धाग्यात नख अडकून पाय मोडतो. तंबू काढून टाका. चार-पाच रात्री तो अस्वस्थ राहील, दांड्याच्या ज्या टोकाशी तंबू होता तिथंच घुटमळेल. तिथं एक सरळ, उंच, भिंतीकडचा पेरूच्या फांदीचा दांडा लावा.

मादीनं अंडं घातलंच तर लगेच उचलू नका. एकाआड एक दिवस घालत ती चार-सहा अंडी पुरी करते. अंडी काढून घेतली तर ती भरपाईसाठी घालत राहते आणि हाडांतलं कॅल्शियम संपतं. अंडी तशीच तीन आठवडे बसू द्या, ती स्वतः कंटाळून सोडते. समुद्रफेस पिंजऱ्यात कायम असावा. अंडं अडकल्याची शंका, म्हणजे तळाशी फुगून बसणं आणि जोर लावणं, दिसली तर ३० अंशांच्या आसपास ऊब द्या आणि तातडीनं डॉक्टर गाठा. पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न कधीच नको.

इतर महिने

मार्च-एप्रिल-मेमध्ये सुरू होत असेल आणि घरात एसी असेल तर कोरडी हवा पाहा. विदर्भ-मराठवाड्यात आणि पुण्यातही उन्हाळ्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता फार उतरते, त्यावर एसी उरलंसुरलं शोषतो. साधा आर्द्रतामापक पिंजऱ्याजवळ ठेवा. ५० ते ६० टक्के हवं. आठवड्यातून चार वेळा, सकाळी, साध्या पाण्याची बारीक फवार डोक्यावरून पडेल अशी मारा, पावसासारखी, तोंडावर नव्हे. पसरट थाळीत दोन सेंटिमीटर पाणी ठेवलं तर बरेच कोनूर स्वतःच उतरतात. पंखा आणि एसी अंग सुकेपर्यंत बंद. संध्याकाळी आंघोळ नको.

इथं खोबरेल तेलाचा विषय येतोच. कोरड्या कातडीला तेल, हा आपल्या घराघरातला उपाय, आणि मायेपोटीच केला जातो. पण पिसांची जाळी तेलानं चिकटते, अंगाची ऊब धरून ठेवत नाही, आणि पक्षी ते तेल काढण्यासाठी आणखी जोरानं पिसं ओढतो. हळदीची पूड, ग्लिसरीन, बेबी लोशन यांनाही हेच लागू.

जून ते सप्टेंबरमध्ये बियांचा डबा हुंगा. दमट हवेत सूर्यफूल आणि शेंगदाण्याला बुरशी धरते, ती डोळ्यांना दिसायच्या आधी वासानं कळते. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत खातं, आणि यकृत बिघडलेला पक्षी खाजेनं पिसं काढतो. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच खाद्य आणा, हवाबंद डब्यात ठेवा, शेंगदाणे द्यायचेच नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरला फटाके. पिंजरा खिडकीपासून आतल्या भिंतीला, तीन बाजूंनी झाकलेला, मंद दिवा चालू. मिरवणुकीतला ढोल-ताशा खालून जाणार असेल त्या दिवशीही हेच.

कोणताच महिना ठरावीक नसेल, वर्षभर थोडं थोडं चालूच असेल, तर पुढच्या दोन गोष्टी.

जाळी आणि ताट

आपल्याकडे वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेले बरेच पिंजरे जीआय जाळीचे, म्हणजे चकचकीत थर चढवलेल्या लोखंडी तारेचे असतात. त्या चकचकीत थराचा मुख्य घटक जस्त. कोनूर चोचीनं तारेवर चढतो, म्हणजे दिवसभर तार चाटतो. जस्त हळूहळू साचतं: पातळ हिरवट शी, जास्त पाणी पिणं, अशक्तपणा आणि पिसं उपटणं. तारेवर पांढरी भुकटी किंवा सुटलेले चमकदार कपचे दिसत असतील तर पिंजरा बदला. व्हिनेगर आणि ब्रशनं घासल्यानं वरची भुकटी जाते, मूळ थर राहतोच. स्टेनलेस स्टील किंवा चांगला पावडर-कोटेड पिंजरा घ्या, आतून किमान ६० बाय ६० बाय ७५ सेंटिमीटर, दोन तारांत सव्वा ते दीड सेंटिमीटर. घंटीतला लोलक, स्वस्त साखळ्या, किल्ल्या, तारेच्या गाठी यांतही जस्त आणि शिसं असतं.

हातांकडेही लक्ष द्या. सिगारेट-तंबाखूचा अंश बोटांवर राहिला आणि पक्षी त्या बोटांवर बसला तर पाय आणि छाती जळजळते. अगरबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल त्याच्या खोलीत नको. तापलेल्या नॉन-स्टिक तव्याचा धूर तर काही मिनिटांत पक्षी मारतो.

खाण्यात मुख्य दोष सूर्यफुलाचा. चरबी जास्त, अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम फारच कमी. अ जीवनसत्त्वाशिवाय कातडी कोरडी, खरखरीत होते. रोज एक मोठा चमचा पेलेट आणि साधारण तेवढीच बारीक चिरलेली भाजी: गाजर, लाल भोपळा, उकडलेलं रताळं, लाल सिमला मिरची, शेवग्याचा पाला, मेथी, मोड आलेले मूग. फळ नखाएवढं. सूर्यफुलाच्या पाच-सहा बिया फक्त बक्षीस म्हणून हातातून. ॲव्होकाडो, चॉकलेट, कांदा, लसूण, चहा-कॉफी कधीच नाही. पेलेट चालू असताना पाण्यात व्हिटॅमिनचे थेंब घालू नका, अ आणि ड दोन्ही जास्तीचे झाले तर अपाय करतात.

बियांवरून पेलेटवर आणायला तीन ते सहा आठवडे धरा. पहिल्या आठवड्यात तीन भाग बिया, एक भाग पेलेट, मग हळूहळू उलट. रोज सकाळी पहिल्या शीनंतर, खाण्याआधी, एक ग्रॅम दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. ७० ग्रॅमचा पक्षी ६३ वर आला की जुनं खाणं परत द्या. ‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट या आकाराच्या पक्ष्याबाबत जीवघेणा ठरतो.

रिकामा दिवस

जंगलात कोनूर थव्यानं फिरतो आणि दिवसाचा मोठा भाग खाणं शोधण्यात घालवतो. पिंजऱ्यात वाटी दहा मिनिटांत रिकामी होते. चोचीला उरलेले तास काम हवं असतं, आणि सगळ्यात जवळ असतं ते स्वतःचं पीस.

त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. पळसाच्या पानांचे द्रोण, प्लास्टिकचा थर नसलेले, आपल्याकडे कुठंही मिळतात. एका द्रोणात थोडे पेलेट ठेवा, दुसरा उपडा घाला, तोंड मुडपा, पिंजऱ्यात कपड्याच्या लाकडी चिमट्यानं लटकवा. पान फाडणं, काड्या उपसणं, आतलं काढणं, अर्धा-पाऊण तास जातो. मक्याच्या कणसाची सालं, नारळाच्या सोडणाचा तुकडा, कोरी कागदी पिशवी, बांबूची पेरं, तेल न लावलेलं लाकूड. पहिल्या दिवशी पक्षी घाबरेल, तेव्हा द्रोण अर्धा उघडा ठेवा आणि त्याच्या डोळ्यांदेखत बी टाका. दहा-बारा दिवसांत दिवसाचं निम्मं खाणं असं लपवून द्यायला लागा. छातीशी खेळणाऱ्या पक्ष्याला छातीच्या उंचीला, त्याच्या नेहमीच्या दांड्यालगत, सुट्या पानांचा किंवा कागदी पट्ट्यांचा जुडगा बांधा. चोच खाली वळली की पिसाआधी तो जुडगा यावा.

रोज एक-दोन तास पिंजऱ्याबाहेर, खिडक्या आणि पंखा बंद करून, उडायला मोकळं. जोडीदार आणला की बरा होईल ही आशा ठेवून दुसरा पक्षी आणू नका. आजार वगळलेला नसेल तर दोघेही आजारी पडतात, आणि कधी दोघेही उपटायला लागतात. तरी आणायचाच झाला तर ४५ दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, आणि कोनूर साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतला पक्षी असल्यानं सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीही करा.

तो पीस ओढताना दिसला की घरचे ‘अरे, नको नको!’ म्हणत धावतात. त्यातून तो शिकतो की पीस ओढलं की सगळे येतात. ओरडू नका, धावू नका. त्याच्याकडे न बघता खोलीतल्या खोलीत दुसरं काही सुरू करा, आणि तो खेळण्याशी किंवा द्रोणाशी गुंतलेला असेल तेव्हा आवर्जून जवळ जाऊन बोला. गळ्यातली कॉलर फक्त जखम होत असेल तर, डॉक्टरांनी बसवलेली, थोड्या दिवसांसाठी. कारण तसंच ठेवून कॉलर घातली तर ती काढल्याच्या दिवशी पुन्हा सुरू होतं.

कोणत्या क्रमानं आणि किती दिवस

१. पहिला आठवडा: डॉक्टर, तपासण्या, रोजचं वजन. एका वहीत तारीख, वजन, खाली पडलेल्या पिसांची संख्या, ओढण्याची वेळ आणि दिवसभरात काय वेगळं झालं ते. दर रविवारी त्याच खिडकीजवळ, त्याच अंतरावरून छातीचा फोटो.

२. ज्याला वाट पाहायची नाही ते लगेच काढा: जीआय पिंजरा, धूर, तंबू, बुरशीचं खाद्य.

३. मग झोप. तीन आठवडे फक्त झोपेची वेळ पक्की करा, बाकी काही हलवू नका.

४. त्यानंतर आंघोळ आणि आर्द्रता, तीन आठवडे. मग खाणं. लपवलेलं खाणं पहिल्या दिवसापासून चालू असलं तरी हरकत नाही.

सगळं एकदम बदललं तर पक्षी बिथरतो, आणि बरा झाला तर कशानं झाला हे कळत नाही. मग पुढच्या वर्षी पुन्हा अंधारात चाचपडणं आलं.

वहीतली वेळ नीट वाचा. संध्याकाळी सात ते दहामध्ये ओढत असेल तर झोपेचा प्रश्न. दुपारी एकटा असताना असेल तर रिकामेपणा. माणसं आल्या आल्या असेल तर लक्ष वेधणं. रात्री अंधारात चुळबुळत असेल तर माइट किंवा दुखणं. चोवीस तासांत केव्हाही, झोपेतून उठूनही, असं असेल तर शरीराचं कारण अजून सापडलेलं नाही. पुन्हा डॉक्टरकडे जा, या वेळी वही घेऊन.

भरत येताना आधी राखाडी मऊ पिसं येतात, कापसाच्या बोळ्यासारखी, आणि वरची खवल्यांची पिसं नंतर. सगळ्यात नाजूक काळ हाच. नवे काटे खाजतात, आणि बरेच पक्षी इथंच पुन्हा उपटतात. या तीन आठवड्यांत आंघोळ एक वेळ वाढवा, द्रोण दुप्पट करा, झोप एका दिवसासाठीही मोडू नका, पाहुणे आले तरी. तीन-चार वर्षं सतत उपटलेल्या जागी पीस-पेशीच मेल्या असतील तर तिथं पुन्हा काही येत नाही. कातडी गुळगुळीत, चकचकीत दिसते. अशा पक्ष्याला थंडीत खोली २४-२५ अंशांच्या आसपास ठेवावी लागते, बाकी तो नीट जगतो, खेळतो, आणि वीस-पंचवीस वर्षं सोबत करतो.

वहीत ज्या तारखेला मागच्या वर्षी पहिलं ओढलेलं पीस लिहिलं असेल, तिच्या तीन आठवडे आधीची तारीख यंदाच्या कॅलेंडरवर लाल शाईनं करून ठेवा. अंधाराचे तास त्या दिवसापासून वाढवायचे, छाती उघडी पडल्यावर नव्हे.